क्लब बुडतो तेव्हा रांगेत कोण कुठे उभं असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्याचे, एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते. म्हणतात, "मालक पैसे उधळतो आणि गुण संघाचे कापतात, म्हणजे शिक्षा आम्हाला. क्लब बुडालाच तर कोट्यधीश खेळाडूंची पै न् पै चुकती होते आणि गावातल्या छोट्या पुरवठादाराच्या हाती धुपाटणं. याला आर्थिक न्याय म्हणायचं का? आणि समर्थकांना यात काही किंमत आहे की नाही?"

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या फुटबॉल मॅच बघत मोठा झालो, त्यामुळे हरल्यावर दोन दिवस घास उतरत नाही म्हणजे काय, ते मला माहीत आहे. गेली वीसेक वर्षं इंग्लंडमध्ये बुडालेल्या कंपन्यांचं काम करतो. बहुतेक पब, फर्निचरची दुकानं, बांधकाम ठेकेदार. फुटबॉल क्लब दोनच वाट्याला आले, दोन्ही खालच्या पायऱ्यांवरचे. प्रीमियर लीगबद्दल, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या विभागाबद्दल, मी बोलतो ते निकालपत्रं वाचून. खालच्या क्लबांची थकलेली बिलं मात्र स्वतः मोजली आहेत.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. ती आधी सोडवून घेऊ.

एव्हर्टन दिवाळखोर झाला नव्हता. प्रीमियर लीगचा नियम असा होता की तीन हंगामांत मिळून तोटा १०.५ कोटी पौंडांच्या वर जाता कामा नये. एव्हर्टनचा १.९५ कोटींनी वर गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ६ वर आले, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे त्याच मोसमात ४ गेले. या नियमात मुख्यतः तपासायचे काय, तर तोटा किती झाला. तो तोटा भरून काढायला घरात पैसा आहे की नाही, हा प्रश्न त्यात दुय्यम होता. म्हणजे गडगंज मालक स्वतःच्या खिशातून ओतत असेल तर क्लब बुडण्याची शक्यता शून्य, तरी नियम मोडू शकत होता. आणि उलटही व्हायचं: नियमात अगदी चोख बसणारा क्लब पुढच्या महिन्याच्या पगाराला महाग होऊ शकत होता.

हे दुसरं दुखणं म्हणजे खरी दिवाळखोरी. ती बहुतेक वेळा तोट्याने येत नाही. मालकाचा नळ बंद होतो, म्हणून येते. विगन ॲथलेटिक घ्या. २०२० च्या उन्हाळ्यात क्लब नव्या मालकाच्या हातात गेला आणि काही आठवड्यांतच, १ जुलैला, ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे देणी भागेनात म्हणून बाहेरच्या प्रशासकाच्या हातात. संघ त्या वेळी झकास खेळत होता, दोन आठवड्यांनी हलला ८-० हरवलं. १२ गुण कापले गेले नसते तर तेरावा आला असता. कापल्यावर खालच्या विभागात गेला.

तुम्ही पुण्याचे म्हणून एक शेजारचं उदाहरण. १९९५ चा इंग्लंडचा विजेता ब्लॅकबर्न रोव्हर्स नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या व्यंकीजच्या मालकीचा आहे. तिथले समर्थक मालकांवर इतके चिडले की २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला त्या रात्री कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. (कोंबडीची काय चूक, हा प्रश्न मला अजून पडतो.) पण अशा क्लबचे हिशेब उघडले की त्यात एक ठरावीक वाक्य भेटतं: मालक पुढेही पैसे पुरवत राहतील या गृहीतकावर हे हिशेब केले आहेत. २०२३ पासून भारतातून पैसे पाठवायला व्यंकीजना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ ब्लॅकबर्नच्या सामान्य माणसालाही कळला. ज्या मालकाला तुम्ही शिव्या घालता त्याच्याच पुढच्या चेकवर क्लबचा श्वास चालू असतो. इंग्लंडच्या दुसऱ्या विभागातले बरेच क्लब असेच जगतात.

आता रांगेचं बघू, म्हणजे खेळाडूंना पूर्ण आणि बाकीच्यांना चार आणे हे होतं कसं.

आपल्याकडे एखादी सहकारी बँक अवसायनात निघाली की ठेवीदार दारात उभे असतात, तसंच इथे कंपनी बुडाली की धनकोंची रांग लागते. सगळ्यात पुढे ज्याच्याकडे स्टेडियमसारखं ठोस तारण आहे तो. मग आमच्यासारख्यांची फी (हो, आम्ही आमचे पैसे आधी घेतो, त्याबद्दलच्या शिव्या मला पाठ आहेत). मग कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगाराचा मर्यादित भाग. डिसेंबर २०२० पासून त्यांच्या मागोमाग कर खातं, म्हणजे व्हॅट आणि पगारातून कापलेला कर. शेवटी विनातारण धनको: केटरर, छापखाना, बसवाला, जर्सी धुणारी बाई. इथपर्यंत पब असो की क्लब, रांग तीच.

फुटबॉलमध्ये मात्र रांगेच्या बाजूला आणखी एक दार आहे. लीगचं सदस्यत्व ही लीगच्या हातातली गोष्ट. लीग नव्या मालकाला सांगते, खेळाडूंची, मॅनेजरची आणि दुसऱ्या क्लबांची देणी पूर्ण फेडलीस तरच सदस्यत्व तुझ्या नावावर करतो. सदस्यत्वाशिवाय क्लब म्हणजे गवताचा एक तुकडा आणि काही खुर्च्या, त्यामुळे खरेदीदार मुकाट्याने फेडतो. कायद्याच्या भाषेत हे पैसे बुडालेल्या कंपनीचे नाहीतच, खरेदीदाराचे आहेत, म्हणून रांग मोडली असं म्हणता येत नाही. व्यवहारात खरेदीदाराचा खिसा एकच. त्याने १०० रुपये आणले आणि त्यातले ६० फुटबॉलवाल्यांना गेले, तर उरलेल्या सगळ्या जगासाठी ४०.

पोर्ट्समथ २०१० मध्ये बुडाला, ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलेला पहिला प्रीमियर लीग क्लब. देणी दहा कोटी पौंडांच्या वर. धनकोंच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं नाव होतं, रक्कम २,७०२ पौंड. मॅचच्या दिवशी स्टँडमध्ये कुणी कोसळलं तर धावणारे ते स्वयंसेवक. विनातारण धनकोंना पौंडामागे २० पेनी, तेही पाच वर्षांत, असा करार झाला. ती पाच वर्षं भरायच्या आत, २०१२ मध्ये, क्लब पुन्हा बुडाला.

मी हाताळलेल्या पहिल्या क्लबात अशीच एक धुलाईवाली होती. नवऱ्याबरोबर छोटी लाँड्री चालवायची, चौदा महिने संघाच्या जर्सी धूत होती, घरच्या सामन्यांना स्वतःही स्टँडमध्ये असायची. धनकोंच्या बैठकीत तिने मला विचारलं, "ज्या स्ट्रायकरची जर्सी मी धुतली त्याला पूर्ण, आणि मला काही नाही?" मी तिला नियम समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "नियम कळला. माझा प्रश्न तो नव्हता." त्याच बैठकीत क्लबला पाय पुरवणारा बेकरीवालाही होता (पाय म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ; खायचे पाय, खेळायचे नव्हे). त्याची रक्कम तिच्या चौपट होती, आणि तो एक शब्द बोलला नाही.

मग हा नियम टिकला कसा? कर खात्याने तो मोडायचा प्रयत्न केला. मे २०१२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात खातं हरलं. न्यायमूर्तींनी नियम चांगला आहे असं म्हटलं नाही. तो बेकायदेशीर ठरत नाही, एवढंच म्हटलं. लीगचं म्हणणं असं की क्लब अ ने क्लब ब कडून हप्त्यावर खेळाडू घेतला, त्याच्या जोरावर ब लाच हरवलं आणि मग हप्ते बुडवले, तर उद्या ब सुद्धा कोसळेल, आणि त्याच्यामागे क. लाँड्री क्लबशी स्पर्धा करत नाही, दुसरा क्लब करतो.

मी बरीच वर्षं या युक्तिवादावर हसायचो. आता हसत नाही, पण अर्धाच पटतो. क्लब-क्लबांमधल्या हप्त्यांना तो लागू पडतो. आठवड्याला हजारो पौंड घेणाऱ्या खेळाडूच्या करारातल्या उरलेल्या रकमेला कसा लागू पडतो, ते मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. एक सुधारणा मात्र झाली आहे. इंग्लिश फुटबॉल लीगच्या, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन विभागांच्या, धोरणात आता विनातारण धनकोंना किमान पौंडामागे २५ पेनी लगेच किंवा तीन वर्षांत ३५ पेनी देण्याची अट आहे. ती पाळली नाही तर पुढच्या हंगामात १५ गुण उणे. २००७ मध्ये लीड्सच्या धनकोंना सुरुवातीला पौंडामागे १ पेनी देऊ केली होती, तेव्हा कुठून कुठे आलो ते बघा. गुण कापण्याच्या धाकामुळेच धुलाईवालीच्या हातात आज चार पैसे जास्त पडतात.

म्हणून गुण कापणं वाईटच, असं मला सरसकट म्हणता येत नाही. हा नियम आला कुठून ते आठवा. ऑक्टोबर २००२ मध्ये लेस्टर सिटी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, कर्जं झटकली, संघ शाबूत ठेवला आणि त्याच मोसमात वर चढून प्रीमियर लीगमध्ये गेला. बाकीचे क्लब आपापली बिलं भरत बसले होते. त्यांनी आणि त्यांच्या समर्थकांनी जो ओरडा केला त्यातून २००४ मध्ये १० गुणांची कपात आली, २०१५ मध्ये ती १२ झाली. म्हणजे ही शिक्षा समर्थकांनाही हवी होती, फक्त दुसऱ्या क्लबांच्या.

तुमच्यासारख्या चाहत्याला ही बाजू दिसणं अवघड असतं, कारण आपला क्लब सोडून बाकीच्यांचा हिशेब कोण ठेवतो? वायकॉम्ब हा क्लब २०२१ मध्ये डर्बी काउंटी या क्लबापेक्षा फक्त एका गुणाने मागे राहून खाली गेला. डर्बीने हिशेबात खेळाडूंच्या किमती चुकीच्या पद्धतीने दाखवल्याचं प्रकरण तेव्हा चालूच होतं. त्याबद्दलचे ९ गुण गेले ते नोव्हेंबरमध्ये, पुढच्या हंगामात. सप्टेंबरमध्ये ॲडमिनिस्ट्रेशनचे १२ गेलेच होते. एकवीस गुण गमावून डर्बी त्या वर्षी खाली गेला, पण वायकॉम्बचं गेलेलं वर्ष कुणी परत दिलं नाही. एव्हर्टनचंही तसंच: २०२३ मध्ये तो दोन गुणांनी वाचला, लेस्टर गेला, आणि एव्हर्टनची कपात त्यानंतरच्या हंगामात लागली. वर्षभर उशिरा येणारी शिक्षा दोन्हीकडच्या समर्थकांना अन्यायच वाटते, आणि दोघांचंही बरोबर असतं. माझी खरी तक्रार कपातीबद्दल नाही. तिच्या वेळेबद्दल आहे.

स्कॉटलंडमध्ये तर समर्थकांनी निकालच फिरवला. रेंजर्स फेब्रुवारी २०१२ मध्ये बुडाला. धनकोंबरोबरच्या तडजोडीला येण्याच्या रकमेच्या हिशेबाने ७५ टक्के मतं लागतात, आणि कर खात्याने नकार दिल्यावर ती फसली, कंपनी अवसायनात गेली. नव्या कंपनीला थेट वरच्या विभागात घ्यावं, टीव्हीचा पैसा जातोय, असं बऱ्याच अधिकाऱ्यांना वाटत होतं. पण इतर क्लबांच्या समर्थकांनी आपापल्या क्लबांना कळवलं: हे केलंत तर आम्ही सीझन तिकीट घेत नाही. जुलैत मतदान झालं, १० विरुद्ध १, एक तटस्थ. रेंजर्सला चौथ्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. आणि त्यांचे स्वतःचे समर्थक? चौथ्या विभागातल्या पहिल्याच घरच्या सामन्याला आयब्रॉक्स या त्यांच्या मैदानावर ४९ हजारांहून जास्त लोक आले.

या सगळ्याला छेद देणारं उदाहरण अगदी ताजं आहे. शेफील्ड वेन्सडेचे पगार २०२५ मध्ये वारंवार थकले. समर्थकांनी मालकाला एक पैसाही द्यायचा नाही असं ठरवून ऑक्टोबरमध्ये घरच्या सामन्यावर बहिष्कार टाकला, हिल्सबरोचे स्टँड ओस पडले. दोनच दिवसांनी, २४ तारखेला, क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला आणि १२ गुण कापले गेले. त्या दिवशी शेफील्डमध्ये लोकांनी आनंद साजरा केला. क्लबच्या दुकानाबाहेर रांगा लागल्या, कारण आता त्यांचा पैसा मालकाकडे जाणार नव्हता. पुढे थकलेल्या देण्यांबद्दल आणखी ६ गेले. "गुण आमचे कापतात" हे तुमचं वाक्य तिथे कुणी म्हटलं नाही असं नाही, पण बहुतेकांनी मनातल्या मनात हिशेब केला होता: खालचा विभाग चालेल, हा मालक नको.

शिक्षा न्याय्य वाटते की नाही हे त्यामुळे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून असतं. विगनच्या चाहत्याला मालक ओळखायलाही वेळ मिळाला नव्हता, त्याला ती दरोड्यासारखी वाटली. शेफील्डच्या चाहत्याने ती सुटकेची किंमत म्हणून मोजली. ल्यूटनच्या माणसाला विचाराल तर तो तिसरंच काही सांगेल. २००८-०९ मध्ये त्यांचे तब्बल ३० गुण कापले होते, त्यातले बरेचसे आधीच्या कारभाऱ्यांच्या पापाचे. क्लब लीगच्याच बाहेर फेकला गेला. २०२३ मध्ये तोच क्लब प्रीमियर लीगमध्ये पोचला. पण ते मधलं दशक ज्यांनी काढलं त्यांना आजही त्या ३० चा विषय काढलेला चालत नाही.

माझ्या कामात मी एक गोष्ट सगळ्यात आधी बघतो, गुणांच्या आणि तोट्याच्याही आधी: मैदान कुणाच्या नावावर आहे. क्लब आणि मैदान एका कंपनीत असेल तर बुडालेल्या क्लबला गिऱ्हाईक मिळतं. मैदान मालकाच्या दुसऱ्या कंपनीत किंवा सावकाराकडे गहाण असेल तर वाटाघाटीचा दोर तिसऱ्याच्याच हातात जातो. डर्बीने २०१८ मध्ये आपलं प्राइड पार्क मालकाच्याच कंपनीला ८.१ कोटी पौंडांना विकलं. कागदावर तोटा कमी झाला, पण पुढे खरेदीदारांना क्लब एकाकडून आणि मैदान दुसऱ्याकडून मिळवायची वेळ आली. बरी नावाच्या क्लबचं प्रकरण याहून वाईट. १८८५ चा क्लब, १८९४ पासून लीगमध्ये. डिसेंबर २०१८ मध्ये तो १ पौंडाला विकला गेला, गिग लेन मैदान गहाणच होतं. एप्रिल २०१९ च्या अखेरीस संघाने वरच्या विभागातली जागा पक्की केली आणि २७ ऑगस्टला लीगने हाकलला. तिथल्या लोकांना कपात झाली असती तरी चाललं असतं, कारण गुण कापायला निदान संघ तरी लागतो. त्यांना मैदान परत मिळालं २०२२ मध्ये, सरकारच्या निधीतून आणि वर्गणीतून.

तुमचा शेवटचा भाग, समर्थकांच्या किमतीचा. कायद्याच्या रांगेत समर्थक नावाची जागा नाही. पण ज्याने सीझन तिकिटाचे पैसे आगाऊ भरले आहेत तो धनकोच असतो, विनातारण, धुलाईवालीच्या मागेपुढेच. बहुतेक वेळा ॲडमिनिस्ट्रेटर ती तिकिटं चालू ठेवतात, कारण रिकाम्या स्टँडचा क्लब कुणी विकत घेत नाही. पोर्ट्समथमध्ये समर्थकांनी याच्या पुढची पायरी गाठली: हजार-हजार पौंडांचे भाग घेऊन एप्रिल २०१३ मध्ये क्लबच विकत घेतला, कर्जं फेडली, आणि २०१७ मध्ये मतदान करून अमेरिकन खरेदीदाराला दिला. हे मॉडेल सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही. पोर्ट्समथसारखं गाव मागे उभं असावं लागतं, आणि दुसऱ्या विभागाचे पगार वर्गणीतून भागत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. इंग्लंडच्या वरच्या पाच पायऱ्यांच्या क्लबांना परवाना लागेल, मालकांची तपासणी होईल, मैदान विकायला मंजुरी लागेल, आणि क्लबचं चिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग समर्थकांना न विचारता बदलता येणार नाही. मला यातलं मैदानाचं कलम बाकी सगळ्यापेक्षा मोलाचं वाटतं. बुडाल्यावर कोणाला किती मिळतं यावर माझ्यासारख्यांचं पोट चालतं, पण खरी भांडणं त्याच्या दोन वर्षं आधी करायची असतात.

ती कशी करायची? कंपनीज हाउसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी कंपनी नोंदणी कचेरीच्या, संकेतस्थळावर प्रत्येक इंग्लिश क्लबची कागदपत्रं फुकट बघता येतात, पुण्यात बसूनसुद्धा. हिशेब मुदतीत आलेत का, नवं तारण नोंदलंय का, कुणाच्या नावे, लेखापरीक्षकाने मालकाच्या मदतीबद्दल काय लिहिलंय, संचालक पटापट राजीनामे देताहेत का. टीव्हीच्या किंवा खेळाडूविक्रीच्या पुढच्या हप्त्यांवर आजच कर्ज काढलं असेल तर ते बहुतेक वेळा तारणांच्या यादीत दिसतं. आणि कर खात्याने क्लब बंद करण्याची याचिका टाकल्याची बातमी आली तर ती "तांत्रिक अडचण" आहे या क्लबच्या निवेदनावर लगेच विश्वास ठेवू नका. कधीकधी ती खरंच तांत्रिक असते. माझ्या दोन्ही क्लबांत नव्हती.

इंग्लंडमधले तुमचे कुणी नातेवाईक सीझन तिकीट घेत असतील तर त्यांना तिथल्या क्रेडिट कार्डवर घ्यायला सांगा. १०० पौंडांच्या वरच्या खरेदीला १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ लागू होतं, क्लब बुडाला तर बँकेकडे दावा करता येतो. भारतातल्या कार्डाला ते संरक्षण नाही.

त्या धुलाईवालीने नव्या मालकाचंही काम घेतलं. मी नंतर एकदा विचारलं तर म्हणाली, आता जर्सीच्या पिशव्या गाडीतून उतरवण्याआधी त्या आठवड्याचे पैसे मोजून घेते. सीझन तिकीटही काढलं होतं तिने, कार्डावर.